नाव यादीत आहे का? अलाबामातले चार दिवस

"आई, दिवाळीआधी सुट्टी काढतोय आम्ही. डिस्नी की नायगारा?" लेकीनं विचारलं.

"सेल्मा," मी म्हटलं.

"तिथे एक पूल आहे फक्त."

"तोच बघायचाय."

माझा हट्ट कशासाठी ते सांगते. मी यवतमाळ जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. शाळा सांभाळून अकरा वर्षं बीएलओचं काम केलं, म्हणजे घरोघर फिरून मतदार यादी नीट करायची. नमुना सहा भरला की नाव चढतं, नमुना सात भरला की उतरतं. उतरवायची नेहमीची कारणं तीन : मयत, दुबार, स्थलांतरित. उन्हातान्हात ती यादी घेऊन हिंडलेल्या बाईला जर कळलं की अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या सेल्मा नावाच्या गावात यादीत नाव घाला म्हणणाऱ्या काळ्या लोकांची डोकी फोडली होती, तर तिला ते गाव बघावंसं वाटणारच. तर मी, हे, लेक, जावई आणि नऊ वर्षांची नात असे पाच जण, डिकीत भाजणीची चकली आणि चिवडा घेऊन निघालो.

पहिला दिवस, बुधवार २३ ऑक्टोबर २०२४ : अ‍ॅटलांटा

लेकीच्या घरापासून दोन चौकांवर एका वाचनालयासमोर रांग लागली होती. जॉर्जियात निवडणुकीच्या दिवसाआधी तीनेक आठवडे मतदान सुरू होतं. मी लगेच गाडी थांबवायला लावली. माझ्या नजरेला पहिली खटकली ती शाई. नाहीच! बोटाला काही लावत नाहीत, छातीवर पीच फळाचं चित्र असलेला स्टिकर देतात. मी कौतुकानं म्हटलं, रांगेत उभ्या म्हाताऱ्यांना पाणी द्यावं का? जावई म्हणाले, "आई, नका देऊ. इथे २०२१ चा कायदा आहे. मतदान केंद्राच्या दीडशे फुटांच्या आत रांगेतल्या माणसाला बाहेरच्यानं खायला-प्यायला देणं गुन्हा आहे." मी बाटली पिशवीत परत ठेवली. आमच्याकडे केंद्रावर पाण्याचा माठ आहे की नाही हे लिहून द्यावं लागतं.

ऑबर्न अव्हेन्यूवर मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर आहे, ५०१ नंबरचं. दुरुस्तीसाठी बंद होतं, म्हणून बाहेरूनच पाहिलं. लाकडी, दुमजली, पुढे व्हरांडा. बाप पाद्री, आजा पाद्री. खातंपितं घर होतं हे बघताक्षणी कळतं. जवळच पाण्याच्या लांबट हौदामध्ये संगमरवरी समाधी, नवरा-बायको दोघांची. आवारात गांधीजींचा पुतळा आहे, काठी टेकून चालणारा. यांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढला. किंग १९५९ मध्ये भारतात येऊन गेले होते हे नातीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मला माहीतंय आजी, शाळेत होतं." शिक्षिकेचा असा अपमान.

दुपारी माँटगमरीचा रस्ता धरला. अडीच तासांचा प्रवास. जावयाच्या डॅशबोर्डवर चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. त्यांची नागरिकत्वाची तोंडी परीक्षा जवळ आली होती. तेव्हा, २०२४ मध्ये, शंभर प्रश्नांची यादी आधीच हातात द्यायचे, त्यातले जास्तीत जास्त दहा विचारायचे, सहा बरोबर आले की पास. सरकारनंच पेपर फोडलेली परीक्षा मी पहिल्यांदा पाहिली. गठ्ठ्याबरोबर खिशात मावेल एवढी अमेरिकेची राज्यघटना होती. वाटेत मी ती वाचत बसले.

आपल्याकडे घटनादुरुस्ती झाली की मूळ मजकूरच बदलतो. नव्या प्रतीत जुनं वाक्य सापडत नाही. यांच्याकडे मूळ कागदाला हात लावत नाहीत. पत्र लिहून झाल्यावर खाली ता.क. लिहावा तशा दुरुस्त्या शेवटी जोडत जातात. असे सत्तावीस ता.क. आहेत. त्यामुळे १७८७ ची वाक्यं अजून जशीच्या तशी वाचता येतात. कुठल्या राज्याला किती खासदार द्यायचे हे लोकसंख्येवर ठरणार, आणि लोकसंख्या मोजताना स्वतंत्र माणसं पूर्ण धरायची, 'इतर सर्व व्यक्तीं'चे मात्र तीन पंचमांश धरायचे. इतर व्यक्ती म्हणजे गुलाम. तो शब्द अख्ख्या मूळ मजकुरात कुठेच नाही. पळून गेलेल्या गुलामाला परत पाठवायचं कलम आहे, तिथेही 'सेवेला किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती'. आफ्रिकेतून माणसं आणायचा धंदा १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही, तिथेही 'अशा व्यक्ती'. शाळेत खोडकर पोरं उत्तरपत्रिकेत नको तो शब्द टाळून त्याच्या अवतीभोवती लिहीत राहतात, तसं वाटलं. मालकाचं मत एक, पण त्याच्या राज्याच्या जागा गुलामांच्या डोक्यांनी वाढायच्या. यादीत नाव नाही आणि मोजणीत मात्र आहे.

अलाबामाची हद्द ओलांडली आणि मोबाइलचं घड्याळ आपोआप एक तास मागे गेलं. हे म्हणाले, "एकच तास?"

दुसरा दिवस, गुरुवार : माँटगमरी

हे शहर पायी बघावं. विधानभवनाच्या पायऱ्यांवर वर एक पितळी चांदणी बसवलीय. १८ फेब्रुवारी १८६१ ला जेफरसन डेव्हिस यांनी तिथे उभं राहून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. त्या राज्यांची वेगळी राज्यघटनाही पुढच्याच महिन्यात याच इमारतीत मंजूर झाली, आणि फिलाडेल्फियात १७८७ मध्ये जो शब्द गिळला होता तो यांनी उघड लिहिला : निग्रो गुलामांवरच्या मालकीहक्काला बाधा आणणारा कायदा करता येणार नाही. १९६३ च्या जानेवारीत गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी याच ठिकाणी शपथ घेऊन काळ्या-गोऱ्यांची फाळणी कायम राहील असं जाहीर केलं. आणि १९६५ च्या मार्चमध्ये सेल्माहून चालत आलेला मोर्चा याच पायऱ्यांसमोर थांबला, वर चढू दिलं नाही म्हणून किंग खाली रस्त्यावरून बोलले. पायऱ्यांवरून उतरून एक चौक चाललं की लाल विटांचं डेक्स्टर अव्हेन्यू चर्च, जिथे ते १९५४ पासून पाद्री होते. एवढं सगळं आपल्या गावातल्या बसस्टँड ते पंचायत समितीएवढ्या अंतरात.

रस्त्याच्या खालच्या टोकाला कारंजं आहे. इथे माणसांचा लिलाव व्हायचा. त्याच चौकात १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या आणि गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला त्यांनी नकार दिला. त्यांचा पुतळा तिथेच उभा आहे, पर्स हातात घेऊन. गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या कुठल्याही बाईसारखा. त्यांच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्विन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीनंही जागा सोडायला नकार दिला होता. तिचं नाव मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. बसवर बहिष्कार ३८१ दिवस चालला. बसमधली वेगळी जागा ज्या खटल्यानं घटनाबाह्य ठरली त्यात कोल्विन एक वादी होती, पार्क्स नव्हत्या.

लेगसी म्युझियममध्ये तीन तास गेले. यांचे गुडघे दुखायला लागले तरी बाहेर यायला तयार नव्हते. एका भिंतीवर काचेच्या बरण्या मांडल्यात, छतापर्यंत. लोणच्याच्या बरणीएवढ्या. प्रत्येकीत माती आणि वर एक नाव, गाव, तारीख. जिथे गोऱ्या जमावानं काळा माणूस मारला तिथली माती त्याच्या नातेवाइकांनी किंवा गावातल्या लोकांनी खणून आणलेली. लाल, पिवळट, राखी, आणि काही बरण्यांत अगदी आमच्याकडची काळी. या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात ते आधी या काळ्या मातीवरून. हे शेतकऱ्याचे पोर, बराच वेळ एका बरणीपाशी उभे होते. "कसदार आहे," एवढंच म्हणाले.

टेकडीवरचं स्मारक मोकळ्यावर आहे. गंजल्या रंगाचे पोलादी खांब, आठशेच्या वर, एकेका काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, एकेक. १८७७ ते १९५० या काळात जमावानं मारलेल्या चार हजार चारशेहून अधिक माणसांची नोंद आहे. सुरुवातीला खांब डोळ्यांसमोर असतात, नावं वाचता येतात. मग पायाखालची फरशी हळूहळू उतरत जाते आणि खांब होते तिथेच राहतात, त्यामुळे थोड्या वेळानं ते डोक्यावर लटकायला लागतात. मान वर करून बघावं लागतं. नात माझा हात धरून चालत होती, त्या वळणावर तिनं दोन्ही हातांनी धरला. काही खांबांवर नावाच्या जागी नुसतं 'अज्ञात'. एका बाजूच्या भिंतीवर कारणं लिहिलीत. जेसी थॉर्नटन, लुव्हर्न, अलाबामा, १९४० : गोऱ्या पोलिसाला 'मिस्टर' न लावता हाक मारली म्हणून. मी ते वाक्य मराठीत मनात केलं. अहो न म्हणता अरे म्हटलं म्हणून. मग मला ते इंग्रजीत वाचवेना.

संध्याकाळी नदीकाठच्या नव्या शिल्प-उद्यानात गेलो. ते २०२४ मध्येच सुरू झालं. शेवटी एक उघड्या पुस्तकासारखी भिंत उभी आहे, त्रेचाळीस फूट उंच, तिच्यावर एक लाख बावीस हजार आडनावं कोरलीत. ही आडनावं १८७० च्या जनगणनेतली. १८५० आणि १८६० च्या मोजणीत गुलामांचे वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचं नाव, मग खाली ओळीनं वय, लिंग, रंग. माणसाचं नाव लिहायचा रकानाच नाही. उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध संपलं, डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीनं गुलामी गेली, १८६८ च्या चौदाव्यानं इथे जन्मलेला प्रत्येक जण नागरिक झाला आणि मोजणीत 'संपूर्ण व्यक्ती' धरला जाऊ लागला, १८७० च्या पंधराव्यानं वंशावरून मत नाकारायला बंदी आली. आणि त्याच वर्षी चाळीस लाखांवर माणसांच्या दारात मोजणीदार जाऊन पहिल्यांदा विचारता झाला : नाव काय?

दारात उभं राहून हा प्रश्न मी हजारो वेळा विचारलाय. त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नव्हतं.

भिंतीपाशी माझ्याच वयाच्या एक काळ्या बाई मान वर करून शोधत होत्या. नात बारीक नजरेची, तिनं विचारलं, कुठलं आडनाव? दोघींनी मिळून शोधलं. सापडल्यावर त्या बाईंनी हात उंच केला, पण नाव फार वर होतं, हात पोचेना. मग त्यांनी मोबाइल वर करून फोटो काढला आणि आम्हाला दाखवला. आम्ही त्यांना चकली दिली. त्यांनी विचारलं यात काय घालतात. भाजणी इंग्रजीत समजावताना लेकीची जी तारांबळ उडाली!

रात्री हॉटेलात मी सगळ्यांना फुल्यांची गोष्ट सांगितली. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती अर्पण केली होती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंना दास्यातून सोडवल्याबद्दल. पुण्यात बसून त्या माणसानं हे तीन ता.क. वाचले होते आणि आपल्या देशबांधवांनी कित्ता गिरवावा अशी आशा धरली होती. त्यानंतर चारच वर्षांत, १८७७ मध्ये, दक्षिणेतल्या काळ्यांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्य बाजूला झालं. पुढे काय झालं ते दुपारी खांबांवर वाचलं होतं.

तिसरा दिवस, शुक्रवार : महामार्ग ८० आणि सेल्मा

माँटगमरीहून सेल्मा ८० नंबरच्या रस्त्यानं पन्नास मैल. १९६५ चा मोर्चा उलट दिशेनं आला होता, पाच दिवस चालत.

वाटेत लाउन्ड्स काउंटी लागते. रस्त्याकडेला कापूस दिसला आणि यांनी गाडी थांबवायला लावली. ऑक्टोबर म्हणजे वेचणीचे दिवस. आपल्या पऱ्हाटीपेक्षा झाडं बुटकी, पानं गळून गेलेली, नुसती फुटलेली बोंडं. यंत्रानं वेचायचं म्हणून औषध मारून पानं झाडतात म्हणे. कडेचं एक बोंड यांनी हातात धरलं. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, वेचताना नखाच्या मुळाशी रुततात. माझ्या आईच्या बोटांना दिवाळीपर्यंत चिरा पडलेल्या असायच्या. सीतादही घालून, नमस्कार करून ती वेचायला सुरुवात करायची, आणि संध्याकाळी वजन करून मजुरी आणायची. इथे वजन व्हायचं, मजुरी नव्हती. आणि या दोन शेतांचा संबंध मी जोडतेय असं नाही, तो आधीपासून आहे. १८६१ मध्ये युद्ध पेटलं आणि इथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडे आणि वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. मुंबईत सोन्याचा धूर निघाला. १८६५ मध्ये इकडे युद्ध संपलं आणि तिकडे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या.

महामार्गावर, एके काळी जिथे तंबू होते त्या जागी एक छोटं संग्रहालय आहे. तंबूंची गोष्ट अशी. १९६५ च्या सुरुवातीला या काउंटीत मतदानाच्या वयाचे पाच हजारांवर काळे लोक होते आणि त्यांच्यातली यादीत नावं शून्य. गोऱ्यांची नावं मात्र त्यांच्या पात्र लोकसंख्येच्या शंभर टक्क्यांहून जास्त. मी मोठ्यानं हसले, पहारेकरी बघायला लागला. मयतांची नावं कमी केलेली नव्हती, दुसरं काय! नमुना सात भरायला कुणी गेलंच नसेल. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला, लोक नाव नोंदवायला गेले, तर जमीनमालकांनी त्यांना कुळाच्या घरातून बाहेर काढलं. ती कुटुंबं रस्त्याकडेला तंबूत राहिली. काही दोन वर्षांहून जास्त. नाव नोंदवल्याबद्दल.

तिथेच एका काचेमागे मला जे दिसलं त्यासाठी एवढी यातायात वसूल झाली. निवडणूक चिन्हं! आपल्याला वाटतं चिन्ह ही भारताची गोष्ट. अलाबामातही निरक्षर मतदारांसाठी पक्षांना चित्र लागायचं. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा, आणि त्याच्यासोबत छापलेलं वाक्य गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचं. ते वाक्य १९६६ पर्यंत मतपत्रिकेवर होतं. मग लाउन्ड्सच्या लोकांनी, स्टोकली कारमायकल यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांच्या मदतीनं, स्वतःचा पक्ष काढला आणि चिन्ह घेतलं काळा पँथर. कोंबड्याला कोण खाईल असा सरळ हिशोब. १९६६ च्या नोव्हेंबरात ते सगळ्या जागा हरले. पण चित्र त्याआधीच कॅलिफोर्नियात पोचलं होतं. त्याच ऑक्टोबरात ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर. कॉलेजात असताना आमच्या यवतमाळच्या भिंतींवर रंगवलेला पँथर मी पाहिलाय. तो मूळचा इथला, या कापसाच्या रस्त्यावरच्या मतपत्रिकेवरचा, हे मला सत्तरीला टेकल्यावर कळलं. हरलेला हा पक्ष थांबला नाही : त्याचे एक पुढारी जॉन ह्युलेट १९७० मध्ये याच काउंटीचे शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, म्हणून निवडून आले.

सेल्मा. गाव उदास आहे. अर्धी दुकानं बंद, काही छपरांवर अजून ताडपत्री. २०२३ च्या जानेवारीत टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं वादळ, येऊन गेलं होतं. आधी डॅलस काउंटीच्या कोर्टाच्या पायऱ्यांकडे गेलो. नावनोंदणीची कचेरी इथे होती. महिन्यातून दोन सोमवारी उघडायची. मत द्यायच्या वयाचे पंधरा हजार काळे, नोंदलेले साधारण तीनशे. अर्ज लांबलचक, घटनेचा उतारा वाचून दाखवायचा, लिहून काढायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची, शिवाय आधीच यादीत असलेल्या मतदारानं तुमच्यासाठी हमी द्यायची. पास की नापास ते समोरचा कारकून ठरवणार. साबणाच्या वडीतून किती बुडबुडे निघतात असंही दक्षिणेत विचारल्याच्या आठवणी लोक सांगतात. पंधराव्या दुरुस्तीनं वंशावरून मत नाकारू नका म्हटलं होतं, म्हणून अलाबामानं १९०१ ची नवी घटना केली आणि मतदानाच्या अटींत वंश हा शब्दच येऊ दिला नाही. परीक्षा ठेवली, मालमत्तेची अट ठेवली, वर्षाला दीड डॉलर मतपट्टी ठेवली आणि थकबाकी साचत जाईल अशी सोय केली. १९०० मध्ये या राज्यात एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास काळे पुरुष मत द्यायला पात्र होते, १९०३ मध्ये यादीत जेमतेम तीन हजार उरले. म्हणजे शब्द गाळून काम साधायची १७८७ ची हातोटी इथेही उपयोगी पडली.

या पायऱ्यांवर २२ जानेवारी १९६५ ला शंभरावर शिक्षक आले होते. मोर्चात येणाऱ्यांत शिक्षकांना सगळ्यात जास्त भीती, कारण पगार देणारं शाळा मंडळ गोऱ्यांच्या हातात. तरी शाळा सुटल्यावर, चांगल्या कपड्यांत, फ्रेडरिक रीस या शिक्षकाच्या मागे रांगेनं आले. अटक झालीच तर तयारी असावी म्हणून दात घासायचे ब्रश बरोबर आणले होते आणि ते वर करून दाखवत होते. शेरीफ जिम क्लार्कनं काठीनं ढोसून त्यांना खाली ढकललं, ते पुन्हा चढले. ज्या गुरुजी-बाईंनी मुलांना नागरिकशास्त्र शिकवायचं, त्यांचंच नाव यादीत नाही. पोरांनी आपल्या बाईंना असं ढकललेलं पाहिलं आणि मग मुलं रस्त्यावर यायला लागली.

मी त्या पायऱ्यांवर बसले. मला एक तांडा आठवत होता. गावाचं नाव लिहीत नाही. एका घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, गेले ते वीटभट्टीवर. नाव कमी करायच्या आधी नोटीस द्यायची असते. रविवार होता, पाय दुखत होते, मी स्थलांतरित लिहून मोकळी झाले. मतदानाच्या दिवशी ती बाई केंद्रावर हजर, कडेवर पोर, हातात ओळखपत्र. केंद्राध्यक्षांनी यादी तीनदा चाळली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मी तं इथंच हावो." मी तिला नमुना सहा दिला, पुढच्या खेपेला येईल नाव, म्हटलं. माझा आळस होता, इथे ठरवून केलं होतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण ती परत जाताना जशी दिसली तशी मला इथल्या फोटोंतली माणसं दिसतात, त्याला काय करू.

आपल्या पहिल्या निवडणुकीतही, १९५१-५२ मध्ये, अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली होती, कारण त्यांनी नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. सगळ्यात जास्त उत्तरेत आणि मध्य प्रदेशात, आणि आमचं यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. माझी आजी त्यांत असेल का, असं मला नेहमी वाटतं. नवऱ्याचं नाव तर ती उखाण्यातच घ्यायची. (या लेखात मीही फार पुढे गेलेली नाही, हे 'यां'च्या लक्षात आलंय.)

ऊन उतरल्यावर पूल चढलो. त्यावर मोठ्या काळ्या अक्षरांत एडमंड पेटस यांचं नाव. दक्षिणेच्या सैन्यातले सेनापती, मग सिनेटर. बदलायच्या मागण्या झाल्या, नाव अजून तेच आहे. फोटोत कळत नाही, पण पुलाला मध्ये कमान आहे. गावाकडून चढताना पलीकडचं काहीच दिसत नाही, नुसतं आकाश. ७ मार्च १९६५ ला सहाशे लोक दोघादोघांच्या रांगेत असेच चढले. त्याच्या थोडेच दिवस आधी मेरियन गावात पोलिसाच्या गोळीनं मेलेल्या जिमी ली जॅक्सन या तरुणाचं दुःख घेऊन. माथ्यावर आल्यावर त्यांना खाली निळ्या टोप्यांतल्या पोलिसांची भिंत दिसली, आणि मग लाठ्या चालल्या. पुढच्या रांगेत जॉन लुईस, पंचवीस वर्षांचे, पाठीवर पिशवी. त्यांची कवटी फुटली. अमेलिया बॉयन्टन रस्त्यावर बेशुद्ध पडल्या. रात्री टीव्हीवर देशानं ते पाहिलं, माँटगमरीपर्यंत पोचलेला मोर्चा त्याच महिन्यात नंतर निघाला, आणि ६ ऑगस्टला कायदा झाला. परीक्षा बंद, केंद्राचे नोंदणी अधिकारी दारात.

माथ्यावर मी थांबले. खाली नदी, संथ आणि मातकट. नात पुढे पळत गेली आणि कमानीपलीकडे दिसेनाशी झाली. माझ्या पोटात गोळा आला, आणि हाक मारली तर ती हसत परत वर आली.

त्या कायद्यातल्या एका कलमानुसार अलाबामासारख्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी लागायची. कोणती राज्यं ते ठरवणारं सूत्र सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केलं. ती केस लढणारी शेल्बी काउंटी इथून उत्तरेला, उद्याच्या वाटेवरच आहे.

चौथा दिवस, शनिवार : बर्मिंगहॅम आणि घर

बर्मिंगहॅमला फार वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर अंगात बळही नव्हतं. केली इन्ग्रम पार्कमध्ये वाटेच्या दोन्ही बाजूंनी झेपावणारे धातूचे कुत्रे आहेत, मधून चालत जावं लागतं. १९६३ च्या मेमध्ये शाळा सोडून मोर्चात आलेल्या पोरांवर खरे कुत्रे आणि पाण्याचे बंब सोडले होते. तुरुंगात गेलेल्यांत एक नऊ वर्षांची मुलगी होती. नातीनं आपलं वय बोटांवर मोजल्यासारखं केलं. रस्त्यापलीकडे सोळाव्या रस्त्यावरचं चर्च. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी सकाळी तिथे बॉम्बस्फोट झाला आणि चार मुली गेल्या. अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन, तिघी चौदा वर्षांच्या. डेनिस मॅक्नेअर अकरा. शेवटच्या आरोपीला शिक्षा झाली २००२ मध्ये. नावं मी हजेरी घेतात तशी हळू आवाजात वाचली. लेक म्हणाली, "आई, चल आता."

परतताना घड्याळ एक तास पुढे गेलं. चिवडा संपला होता. जावयांनी चिठ्ठ्या लेकीकडे दिल्या.

"मतदानाबद्दल चार घटनादुरुस्त्या आहेत. त्यांतली एक सांगा," लेकीनं वाचलं.

जावई तोंड उघडायच्या आत मी मागून म्हटलं, "पंधरावी, १८७०, वंशावरून नाही म्हणता येणार नाही. एकोणिसावी, १९२०, बायका. चोविसावी, १९६४, मतपट्टी बंद. सव्विसावी, १९७१, वय अठरा."

"आई, एकच सांगायचीय."

"माहीतंय. पण त्यांना एकीनं भागलं नाही ना."

जावई हसले. नात पेंगत होती. हे पुढच्या सीटवर खिशातून काहीतरी काढून बोटांनी पिंजत होते. कालचं बोंड. सरक्या वेगळ्या करून रुमालात ठेवल्या होत्या त्यांनी.

"या नेता येणार नाहीत हं विमानात," मी म्हटलं.

"नेत नाही. मोजतोय."

लेकीनं पुढची चिठ्ठी काढली. "कॅनडाला लागून असलेलं एक राज्य सांगा."